बॉडी लिफ्टनंतर गिअरची दांडी: आधी मोकळीक, मग उंची

जिप्सी, जुनी महिंद्रा जीप किंवा चॅसिसवर बॉडी बोल्टांनी बसवलेली अशी कोणतीही गाडी दोन इंच उचलली, म्हणजे बॉडी आणि चॅसिस यांच्यामध्ये स्पेसर टाकून लांब बोल्ट घातले, की मोठ्या टायरला जागा मिळते आणि काम झाल्यासारखे वाटते. मात्र या कामात फक्त बॉडी वर गेलेली असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या व मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी) चॅसिसवर जिथे होते तिथेच राहतात. गिअरची दांडी गिअरबॉक्समधून निघते आणि बॉडीच्या पत्र्यातल्या भोकातून वर येते. त्यामुळे पत्रा आणि सीट वर सरकले, तरी दांडी मात्र जुन्याच उंचीवर राहते. बसल्यावर नॉब हाताला दोन इंच खाली लागतो ही तक्रार सगळेच करतात. त्याहून गंभीर अडचण डोळ्यांना दिसत नाही: दांडी पत्र्याच्या कडेला टेकू लागते. या लेखातले काम त्या अडचणीपासून सुरू होते, कारण दांडीची लांबी वाढवल्याने ती सुटत नाही.

केवळ सस्पेन्शन उचलले असेल, म्हणजे लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी कडी), जास्त कमानीचे पाटे किंवा उंच स्प्रिंग बसवले असतील, तर चॅसिस, गिअरबॉक्स आणि बॉडी हे तिन्ही एकत्र वर जातात आणि दांडीचा प्रश्न उद्भवत नाही. हा फरक स्पष्ट असावा, कारण सस्पेन्शन लिफ्टनंतर गिअर सुटू लागला तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

दांडी पत्र्याला का लागते

दांडी खालच्या टोकाला एका गोल बॉलवर टेकून हलते. त्या बॉलपासून जितके वर जावे तितकी दांडीची हालचाल वाढते. उदाहरणादाखल, बॉलपासून नॉबपर्यंतचे अंतर ३०० मिलिमीटर आहे आणि पुढच्या गिअरपासून मागच्या गिअरपर्यंत नॉब १२० मिलिमीटर सरकतो असे धरू. पत्रा बॉलपासून १०० मिलिमीटर उंचीवर असताना तेथे दांडी ४० मिलिमीटर हलत होती. बॉडी ५० मिलिमीटर उचलली की पत्रा १५० मिलिमीटर उंचीवर येतो आणि तेथे दांडीची हालचाल ६० मिलिमीटर होते. भोक मात्र जुन्याच मापाचे असते. शिवाय दांडी सहसा ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे मागे झुकलेली असते. ती २० अंशांनी झुकलेली असेल तर ५० मिलिमीटर वरचा भाग सुमारे १८ मिलिमीटर मागे पडतो. म्हणून अशा दांडीचे भोक चहूबाजूंनी सारखे वाढवणे चुकीचे ठरते. ते मागच्या बाजूला अधिक वाढवावे लागते.

याचा परिणाम दुसरा, चौथा आणि रिव्हर्स या मागे ओढायच्या गिअरांत आधी जाणवतो. गिअर पडल्यासारखा वाटतो, परंतु आतले दाते पूर्ण खोल गेलेले नसतात. सपाट रस्त्यावर तो टिकतो. चढावर किंवा उतारावर इंजिनावर जोर आला की इंजिन आपल्या रबरी माउंटांवर, म्हणजे ते ज्यांवर टेकलेले असते त्या आधारांवर, किंचित कलते, दांडी भोकाच्या कडेवर रेटली जाते आणि गिअर सुटतो. माझी जिप्सी मुळशीच्या बाजूच्या एका चिखलाच्या उतारावर अशीच दुसऱ्या गिअरमधून न्यूट्रल झाली. इंजिनाचा रोध, म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला जे आवरून धरते ते, एकदम नाहीसा झाला आणि ओल्या मातीवर केवळ ब्रेकच्या आधाराने गाडी आवरावी लागली. घरी आल्यावर रबरी बूट (दांडीभोवतीचे आवरण) उचलून पाहिले, तेव्हा दांडीच्या काळ्या रंगावर, मागच्या बाजूला, नखाएवढी चकचकीत आडवी रेघ दिसली. पत्र्याच्या कडेचाही रंग नेमका तेवढाच खरवडला गेला होता. ती रेघ पहिल्याच दिवशी शोधली असती तर तो प्रसंग आला नसता.

मोजणी

दांडीला किंवा पत्र्याला हात लावण्यापूर्वी एक तास मोजणीला द्यावा. गाडी सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढे-मागे लाकडी ओंडके लावावेत आणि इंजिन बंद ठेवावे. नॉब काढून बाहेरचा रबरी बूट दांडीवरून वर काढून घ्यावा. आता भोकाच्या कडेवर चहूबाजूंनी मुलांच्या खेळण्यातल्या मऊ क्लेची बोटभर जाड वळी चिकटवावी आणि क्लच दाबून एकेक गिअर शेवटपर्यंत टाकावा. दांडी जिथे क्लेमध्ये रुतेल तिथे शिल्लक राहिलेली जाडी म्हणजे त्या गिअरमधली खरी मोकळीक होय. ती प्रत्येक गिअरसाठी लिहून ठेवावी. रिव्हर्स विसरू नये, कारण तो बहुतेक गाड्यांत सर्वांत कोपऱ्यात असतो.

ही मोकळीक इंजिन स्थिर असतानाची आहे. जोर आल्यावर दांडी मुख्यतः आडवी, डावी-उजवीकडे हलते. ती किती हलते हे पाहण्यासाठी गाडीखाली जाण्याची गरज नाही. मोकळ्या मैदानात, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे नसल्याची खात्री करून, एकाने ब्रेक घट्ट दाबून ठेवावा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू, इंजिन जेमतेम दबेल एवढाच सोडावा. दुसऱ्याने शेजारच्या सीटवर बसून दांडीकडे लक्ष ठेवावे. नंतर रिव्हर्समध्ये हेच करावे. दांडी डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी सरकत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट आधी बदलावेत. फाटलेल्या माउंटावर भोक कितीही मोठे केले तरी ते पुरे पडत नाही. माझ्या मते कोणत्याही गिअरमध्ये, जोर असतानाही, दांडी आणि पत्रा यांच्यात निदान १० ते १२ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे.

याच वेळी दांडीच्या बुडाशी असलेली नायलॉनची बैठक तपासावी. ती झिजली की दांडी सैल डुलते आणि मग लिफ्टचा दोष कोणता व झिजेचा कोणता हे ओळखणे कठीण जाते.

भोक वाढवणे

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, पुढच्या सीटा आणि मॅटिंग बाहेर काढावे आणि पत्र्याच्या खाली काय आहे हे टॉर्च घेऊन प्रत्यक्ष पाहावे. गिअरबॉक्सच्या आसपास रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर असते. ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइपही जवळून गेलेले असू शकतात. ग्राइंडरच्या ठिणग्या पेट्रोलच्या पाइपावर पडणार असतील तर ग्राइंडर वापरूच नये. पत्राकात्री आणि कानस यांनी वेळ जास्त लागतो, पण काम सुरक्षित होते. ग्राइंडर वापरायचाच असेल तर पाइप ओल्या गोणपाटाने झाकावेत आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवावा.

क्लेच्या मोजणीवरून पत्र्यावर नवी रेषा आखावी आणि थोडे थोडे कापावे. कापून झाल्यावर कडेची धार कानशीने मारून टाकावी, उघड्या लोखंडाला रेड ऑक्साइड लावावा आणि कडेवर रबराचे बीडिंग बसवावे. भोक मोठे झाल्याने मूळ बुटाची चौकट त्याला पुरत नाही. म्हणून दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची नवी चौकट करून ती सीलंट लावून बोल्टांनी बसवावी. पत्र्याची कमी झालेली ताकदही तिने भरून निघते. जुन्या विलीज धर्तीच्या जीपमध्ये गिअरबॉक्सवरचा पत्रा सुटा, स्क्रूंनी बसवलेला असतो. अशा गाडीच्या मालकाने मूळ पत्रा न कापता तो जपून ठेवावा आणि त्यावरून नवा पत्रा करवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

उंची वाढवणे

मोकळीक मिळाल्यावर गाडी आठवडाभर तशीच चालवून पाहावी. एक इंचाच्या लिफ्टनंतर दांडी लांबवण्याची गरज अनेकांना पडत नाही. दोन किंवा तीन इंचांच्या लिफ्टनंतर मात्र प्रत्येक गिअरसाठी खांदा पुढे झुकवावा लागतो आणि खडबडीत वाटेवर ते त्रासाचे होते. लांबी वाढवण्याची किंमतही समजून घ्यावी. वरच्या उदाहरणात दांडी ३०० वरून ३५० मिलिमीटर केली तर नॉबची हालचाल १२० वरून १४० मिलिमीटर होते; लागणारा जोर सुमारे एक सप्तमांशाने कमी होतो. गिअर हलका पडतो, पण हात लांब न्यावा लागतो. म्हणून बॉडी जितकी उचलली तेवढीच लांबी वाढवावी, त्याहून अधिक नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे आटे असलेला जोड. नॉब काढला की दांडीच्या टोकाला आटे दिसतात. त्यांचा व्यास आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) आट्यांच्या गेजने मोजून लेथवाल्याकडून एका बाजूला आतले आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचे आटे असलेला तुकडा करवून घ्यावा. दांडीचे आटे जोडात व्यासाच्या निदान दीडपट खोल शिरले पाहिजेत, म्हणजे १० मिलिमीटरच्या दांडीला १५ मिलिमीटर. जोडाला लॉकनट लावावा आणि आट्यांवर लॉकिंग द्रव घालावा, नाहीतर रिव्हर्स टाकताना जोड हातात फिरतो. हा उपाय उलटवता येतो, त्यामुळे नवख्या माणसाने तोच करावा.

दुसरा उपाय म्हणजे दांडी कापून मध्ये तुकडा वेल्ड करणे. हे करताना दांडी गाडीतून बाहेर काढलीच पाहिजे. माझ्या गाडीचे पहिले काम एका गॅरेजमध्ये दांडी जागेवर ठेवूनच वेल्ड करण्यात आले होते. उष्णता खाली उतरली, नायलॉनची बैठक वितळली आणि पुढे कित्येक दिवस दांडी न्यूट्रलमध्ये खडखडत राहिली. जागेवर वेल्डिंग केल्यास विजेचा प्रवाह गिअरबॉक्सच्या बेअरिंगांमधून जाण्याचाही धोका असतो. जिप्सीत आतला रबरी बूट वर केला की दांडीभोवतीचे झाकण दिसते; ते खाली दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की दांडी सरळ वर निघते. उघड्या तोंडात लगेच स्वच्छ फडके कोंबावे. तिथून आत पडलेला एक वायसर पुढे गिअरबॉक्स उघडण्याची वेळ आणतो.

दांडी पत्र्याच्या वर, सरळ भागात कापावी. मधला तुकडा त्याच व्यासाच्या भरीव लोखंडी सळईचा घ्यावा. पोकळ पाइप घेऊ नये. जोडायच्या चारही तोंडांना ग्राइंडरने उतार द्यावा, म्हणजे वेल्ड केवळ वरवर न बसता गाभ्यापर्यंत जातो. दांडीवर क्रोम किंवा जस्ताचा मुलामा असेल तर जोडाजवळ तो आधी घासून काढावा, कारण त्याचा धूर विषारी असतो. तीन तुकडे एका रेषेत धरण्यासाठी लोखंडी अँगलची खोबण उत्तम: तुकडे खोबणीत ठेवून शिकंजांनी आवळावेत, चार बाजूंनी टाके मारावेत, सरळपणा तपासावा आणि मगच वेल्ड भरावा. आर्क वेल्डिंग असेल तर कोरडी ७०१८ रॉड मी पसंत करतो. गरम दांडी पाण्यात कधीही बुडवू नये. ती ठिसूळ होते. कोरड्या वाळूत पुरून सावकाश निवू द्यावी. निवल्यावर जोड घासून गुळगुळीत करावा, खालचा भाग शिकंजात धरून वरच्या टोकाला पाइप घालावा आणि अंगाचा पूर्ण भार देऊन पाहावे. मोडायचीच असेल तर ती इथे मोडलेली बरी.

वाक देणे

दांडी सरळ वर वाढवली की कधी नॉब डॅशबोर्डकडे जातो, तर कधी दुसऱ्या गिअरमध्ये सीटला लागतो. अशा वेळी वाक द्यावा लागतो, परंतु तो पत्र्याच्या वरच्या भागातच द्यावा. भोकातून जाणारा भाग हलवला तर मोकळिकीची सगळी मोजणी पुन्हा करावी लागते. आधी जाड तारेचा नमुना वाकवून तो दांडीला टेपने बांधावा आणि सगळे गिअर टाकून पाहावेत. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या गिअरमध्ये मुठीसह हात डॅशबोर्डपासून इंचभर दूर राहिला पाहिजे. मागच्या गिअरांत सीट, हँडब्रेक आणि शेजारच्या माणसाचा गुडघा पाहावा. नमुना पसंत पडल्यावर दांडी बाहेर काढून दोन-अडीच इंचांच्या पट्ट्यात गॅसने लाल होईपर्यंत तापवावी आणि एका झटक्यात नव्हे, तर हळूहळू वाकवावी. बॉलच्या बाजूला ओले फडके गुंडाळून ठेवावे.

लांब दांडीवर जड धातूचा नॉब बसवण्याचा मोह टाळावा. खड्ड्यात गाडी आदळली की तो वजनामुळे झोका घेतो आणि दांडीला गिअरमधून बाहेर ओढतो. मूळ प्लॅस्टिकचा नॉब हलका असतो आणि त्यावर गिअरचा नकाशाही छापलेला असतो.

फोर बाय फोरची दांडी

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मध्ये एक छोटा शाफ्ट ठेवून चॅसिसवर रबरी माउंटांवर टांगलेली असते. लो रेंजमध्ये चाकांना मिळणारा जोर वाढतो, तसा या माउंटांवरचा पीळही वाढतो आणि ट्रान्सफर केसची दांडी मुख्य दांडीपेक्षाही अधिक सरकते. म्हणून तिच्या भोकात मी थोडी जास्त, १५ मिलिमीटरपर्यंत, मोकळीक ठेवतो. टू हाय (दोन चाकांना जोर), फोर हाय (चारही चाकांना), न्यूट्रल आणि फोर लो (चारही चाकांना, लो रेंजमध्ये) या चारही जागांवर क्लेची मोजणी करावी. फोर लो अर्धवट पडून चढावर सुटला तर गाडी ट्रान्सफर केसच्या न्यूट्रलमध्ये जाते आणि तेव्हा मुख्य गिअर कोणताही असला तरी इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोहोचत नाही. जुन्या विलीज धर्तीच्या जीपांत ट्रान्सफर केसला दोन वेगळ्या दांड्या असतात; लांबवताना दोन्ही सारख्या लांबवाव्यात आणि त्या एकमेकींना घासत नाहीत हे पाहावे.

अमेरिकेतल्या जीप रँग्लरच्या वायजे आणि टीजे पिढ्यांत अडचण वेगळी आहे. तिथे ट्रान्सफर केसच्या लिंकेजचे, म्हणजे दांडीची हालचाल पोहोचवणाऱ्या जोडसळ्यांचे, एक टोक बॉडीवर धरलेले असते. बॉडी वर गेली की लिंकेजचा कोन बिघडतो आणि दांडी मोकळी असूनही फोर लो पूर्ण पडत नाही. त्यावर उपाय म्हणजे बॉडीवरचा ब्रॅकेट लिफ्टइतका खाली आणणारा तुकडा बसवणे आणि मग लिंकेज पुन्हा जुळवणे. ऑटोमॅटिक गाडीत केबलने चालणारा शिफ्टर बॉडीवर असतो. तिथे केबलला ताण आला आहे का हे पाहून ती पुन्हा जुळवावी आणि गाडी केवळ पार्क व न्यूट्रलमध्येच सुरू होते याची खात्री करावी.

दांडीला हात न लावता इंजिन आणि गिअरबॉक्सच वर उचलण्याचा सल्लाही दिला जातो. इंचभर उचलल्यास फॅन आणि त्याचे आवरण पुन्हा जुळते हा फायदा खरा आहे. परंतु जिप्सीत तसे केल्याने गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यातल्या छोट्या शाफ्टचा कोन वाढतो, आणि शाफ्ट आखूड असल्यामुळे त्याचे क्रॉस (टोकांचे वळणारे सांधे) लवकर झिजतात. जिप्सीसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

बूट, पाणी आणि कायदा

दांडीला दोन बूट असतात आणि दोघांची कामे वेगळी आहेत. आतला गिअरबॉक्सच्या तोंडावर बसतो आणि धूळ-पाणी तेलात जाऊ देत नाही. तो चिरलेला असेल तर बदलावा, काढून टाकू नये. बाहेरचा पत्र्यावर बसतो. लिफ्टनंतर जुना बाहेरचा बूट बहुधा ताणला जातो आणि ताणलेले रबर दांडीला सतत मधोमध, म्हणजे न्यूट्रलकडे ओढत राहते. भोक नीट कापूनही गिअर सुटत असेल तर बूट काढून गाडी चालवून पाहावी. अनेकदा दोष तिथेच सापडतो. बुटाला सर्व बाजूंनी सुरकुत्या राहतील इतके रबर हवे. बाजारात मापाचा मिळाला नाही तर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा शंकूसारखा कापून, शिवून आणि सोल्यूशनने चिकटवून चांगला बूट होतो.

बॉडी उचलल्याने गाडीची उंची बदलते, हे कागदोपत्रीही लक्षात घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात याच कलमाच्या आधारे मर्यादा स्पष्ट केली. म्हणून पत्रा कापण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

काम पूर्ण झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, दुसरी सौम्य चढावर लो रेंजमध्ये घ्यावी. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढून दांडीकडे पाहावे, पण ती हाताने धरून ठेवू नये. धरलेल्या दांडीचा दोष लपतो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर बूट पुन्हा उचलून दांडीवर चकचकीत रेघ उमटली आहे का हे पाहावे, लॉकनट आणि चौकटीचे बोल्ट आवळावेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर मॅटिंगखाली हात घालून पत्रा कोरडा आहे ना, हे तपासावे.